विक्कीचा फोटो

पांढरकवड्यातला फोटो स्टुडिओ दीपमाला आणि तिचा नवरा इंद्रजित मिळून चालवत. दीपमालाच्या धाकट्या बहिणीचं, मैत्रेयीचं लग्न ठरलं, तेव्हा दोघं नवी लेन्स आणायला यवतमाळला गेले. एकच घेणं जमणार होतं.

इंद्रजितचं म्हणणं, झूम घ्यावी. "मंडपात गर्दी राह्यते. जागेवरून कोणालेही जवळ आणता येते."

दीपमालाचा जीव मात्र झूम न होणाऱ्या प्राइम लेन्सवर जडला होता. तिच्यात माणूस कसा उठून दिसायचा आणि मागचं सगळं मऊ, धूसर होऊन जायचं. "जवळ आणता नाही आलं तं आपण जाऊ ना चालत," ती हसून म्हणाली. इंद्रजितनं ऐकलं.

लग्नाचे फोटो पाहून सगळे हरखले. मैत्रेयीच्या पापणीवरचं पाणीसुद्धा दिसत होतं.

त्या पावसाळ्यात कपाशी डोक्याच्या वर गेली, बोंडअळी पडली आणि जो तो फवारणीच्या मागे लागला. दीपमालाचा भाऊ विक्की लोकांच्या वावरात पाठीवर पंप घेऊन जायचा. एका दुपारी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांना दिसेना. दवाखान्यातून तो परत आलाच नाही.

विक्कीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी आईनं, इंदूबाईनं, फोटो मागितला. "आधारकार्डावरचा नको. हासरा दे, लग्नातला."

दीपमालानं सगळे फोटो उघडले. विक्की दिवसभर पंगतीत पाणी वाढत होता. नवरीला सोडून ती त्याच्याकडे गेलीच नव्हती. एका फोटोत मैत्रेयीच्या खांद्यामागे निळा शर्ट होता, हातात जग. चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट ठिपका.

"माह्या हट्टापायी झालं हे," ती म्हणाली.

इंद्रजित तिच्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "तो आलता माह्याजवळ. भाऊजी, माहा एक काढा ना, म्हणे. म्या म्हटलं, थांब, मंग काढतो."

तिनं तेवढाच भाग मोठा करून छापला. इंदूबाईनं तो हातात धरला. "विक्कीच हाय. असाच एका पायावर भार देऊन उभा राहे." तिचं बोट ठिपक्यावरून फिरलं. "तोंड थोडंसं साफ नाही होत का वं?"

"नाही होत, आई."

फोटो बुद्धमूर्तीशेजारी ठेवला. फुलं वाहायला आलेले लोक वाकून पाहत आणि घोटाळत. इंदूबाई ज्याला त्याला सांगत होती, "पाणी वाढून राह्यला व्हता तो."