ओसरीवरची गोधडी

जगदेवरावांचं घर अनसिंगमध्ये पुढारलेलं समजलं जाई. टीव्ही भिंतभर, न्हाणीत गिझर, आणि बायकांना महिन्याचे चार दिवस बाहेर बसायला परसात टिनाचं स्वतंत्र शेड. शेजारच्यांकडे एवढी सोय नव्हती. त्यांच्या बायका गोठ्यात बसत.

नात संस्कृती, वय तेरा, कालपासून पहिल्यांदाच त्या शेडात होती. पहाटे तिथे साप निघाला.

"मामाजी, आज तरी पोरीले घरात झोपू द्या," सून राखी म्हणाली.

"साप कायले शिवते तिले? त्यालेई विटाळ होते!" जगदेव हसले. आदर्श गाव तपासणारं पथक यायचं होतं, म्हणून ते खुशीत होते.

ओसरीवरच्या तखतावर काहीतरी झकास अंथरावं म्हणून त्यांनी परसातल्या दोरीवरची गोधडी स्वतःच आणली. शेडाकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, तेव्हा ती तिथली आहे हे कळणार कसं?

पथक आलं. साहेब गोधडीवर बसले आणि हरखले. "लाल रंग काय खुललाय! कुणाची कला?"

"आमच्या सुनबाईची. राखी, सांग वं सायबाले."

राखी दारात आली. तिने एकदा शेडाकडे पाहिलं.

"एक रांग म्हंजे गल्लीतलं एक घर, सायेब. बाई बाहेर बसली का एक लाल चिंधी. बाया आपापल्या लुगड्याची आणून देतात. पिवळी गाठ म्हंजे पोरीची शाळा बुडाली. निळी म्हंजे ताप होता, तरी घरात घेतलं नाई. तुमी बसले ते रांग आमची. शेडात बसूनच शिवली."

चहा तसाच राहिला. साहेबांना पुढच्या गावाची आठवण झाली. जगदेवांनी अंगावर पाणी घेतलं, सासू मनकर्णाबाईंनी गोमूत्र शिंपडलं. पुरुषांचा विटाळ एका बादलीत गेला.

गोधडी मात्र तखतावरच. नकळत लागलेला विटाळ बादलीत गेला, जाणूनबुजून हात लावील त्याचा जायचा नाही; उचलणार कोण? तोवर बातमी गल्लीत पोचली. बाया फाटकाशी थांबून आपापली रांग शोधू लागल्या.

"उचल ते, राखी!"

"मी तं आज घरातली, मामाजी. रातचा सैपाक माह्याच हातचा हाये. लावू हात?"

"नको वं माय!" मनकर्णाबाई ओरडल्या.

"मंग उचलीन अशी घरात एकच हाये. पण तिले ओसरीवर चढू द्या लागन."

जगदेवांनी फाटकाकडे पाहिलं. गर्दी वाढत होती. त्यांनी भिंतीकडे तोंड करून मान हलवली.

संस्कृती आली. तिने गोधडी उचलली, अंगाभोवती गुंडाळली आणि तखतावरच आडवी झाली.

"ऊठ वं! ऊठ म्हणतो ना!"

ती उठली नाही. तिला उठवायचं तर हात लावावा लागला असता. त्याला त्या घरात तयार होती ती एकटी तिची आई, आणि तिने आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.