भुईचं बाळंतपण

काकासाहेबांच्या बांधावरच्या कडुलिंबाखाली सकाळी सातलाच शे-दीडशे माणूस जमलेलं असायचं. मागचे टाचा वर करून बघायचे आणि पुढच्यांना विचारायचे, "आली का हो, आली का?"

"आली, आली! काल नाकापर्यंत होती. आज हनुवटी दिसायला लागली!"

शेंदूर फासलेला, चांदीचे डोळे लावलेला दगड जमिनीतून वर येत होता. रोज एक बोट. त्याला कुणी ओढत नव्हतं, कुणी हात लावत नव्हतं. बायका ओव्या म्हणायच्या, म्हातारी माणसं डोळे पुसायची. शिकलेली पोरं मोबाइल वर धरून उभी असायची.

मी हे डोळ्यांनी पाहिलं ते सहाव्या दिवशी. पहिले पाच दिवस मी घरीच बसून होते. त्या पाच दिवसांचा दोष माझा आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

यंदा आमच्या कन्नड तालुक्यात पाऊस आला तसा गेला. मका कमरेएवढी होऊन वाळली. कपाशीची पानं लाल पडली, बोंडं लिंबोळीएवढी राहिली. तुरीनं फूल धरलं आणि टाकून दिलं. दसऱ्यानंतर मात्र एक दिवस चांगला पाऊस झाला. त्यावर एकच गोष्ट होण्यासारखी होती, ती म्हणजे हरभरा. हरभऱ्याला पेरताना ओल लागते. पुढं तो थंडीवर निभावून नेतो. पण ओल कुणासाठी थांबत नाही. आमच्या काळ्या रानात ती आठ-दहा दिवस टिकते. कडूबाईच्या माळावर चार, फार तर पाच.

कडूबाई माझी धाकटी जाऊ. दीर जाऊन अकरा वर्षं झाली. तिला दोन एकर मुरमाड रान, विहीर नाही, मूल नाही. हरभरा साधला नाही तर तिला ऊसतोडीच्या टोळीबरोबर जावं लागणार होतं. वय पन्नाशीच्या पुढं आणि दोन्ही गुडघे गेलेले.

वाफसा होऊन माती पेरणीजोगी झाली, माणसं पेरायच्या तिफणी काढायला लागली, आणि त्याच सकाळी गावात अबोलनाथ महाराज उगवला. नाव अबोलनाथ, आणि तोंड दिवसभर चालू.

"ह्या लिंबाखाली भुईच्या पोटात माय हाय!" तो ओरडला. "आज तिला कळा लागल्या. नऊ दिवसांत ती पुरी बाहेर येईल आणि पाऊस घेऊनच येईल. तोवर भुई बाळंतीण. बाळंतिणीच्या पोटावर कुणी फाळ फिरवील का?"

"नाय! नाय!"

"घरटी एक शेर बी मायच्या पायाशी ठेवा. ती हात लावून परत दील. आणि घरटी रोज एक घागर पाणी. बाळंतिणीला तहान लई लागते!"

माझा मुलगा बन्सी हे ऐकून आला आणि त्यानं तिफण भिंतीला टेकवून ठेवली.

मी म्हणाले, "मी पाच बाळंतपणं काढली रे. नऊ दिवस बाळंतपण चाललं असतं तर तू जन्मायच्या आधीच मी गेले असते. जा, पेर."

"माय, तू दुसरी शिकलेली. तिथं बी.ए. झालेले हात जोडून उभे हाईत."

"मग त्यांना म्हणावं, पुस्तकं पेरा."

"तू गप बस. तुला नाय कळत त्यातलं."

झालं. मला गप बस म्हणणारा ह्या घरात पहिल्यांदा निघाला. मी तोंड फिरवलं आणि ओट्यावर जाऊन बसले. मनात म्हटलं, येतील माझ्या पायरीवर आपणहून. बोलावल्याशिवाय चतुराबाई कुठं जात नसते.

चौथ्या दिवशी ट्रॅक्टरवाला हबीब आला. त्याच्या बापापासून गावातली निम्मी पेरणी त्यांच्याकडं.

"चाची, मशीन खडी है चार दिन से. जमीन सूख रही. तुम बोले तो लोगां सुनेंगे."

"मला विचारलं का कुणी? विचारू दे, मग बोलीन."

हबीब जायला वळला. "जमीन नहीं रुकती ना चाची," म्हणाला आणि गेला.

सहाव्या दिवशी कडूबाई आली. पदरात माती होती.

"बाई, ही वीतभर खालची. वळते का बघा."

मी मूठ दाबली. वाफशाच्या मातीचा लाडू वळतो. ही माती शिळ्या भाकरीच्या चुऱ्यासारखी बोटांतून सांडली.

"तू पेरलं का नाहीस, भवाने?"

"कशी पेरू? मी फाळ लावला असता अन् पाऊस आला नसता, तर म्हणले असते, हिच्यामुळं गेला. एकल्या बाईला गावात राहायचं हाय, बाई." ती माती झटकत होती, पण हाताला चिकटलेलं काही नव्हतंच. "अन् तुम्ही बी काही बोलल्या नाही. मला वाटलं, तुम्ही गप हाव म्हणजे खरंच असंल."

ह्या बाईनं आयुष्यभर माझं तोंड ऐकलं आणि माझ्या गप्पपणावर विश्वास ठेवला. मी काठीही घेतली नाही, तशीच लिंबाखाली गेले.

दक्षिणेचं ताट नोटांनी भरलेलं होतं, आणि पाणी ओतलं जात होतं ते दगडाच्या बुडाशी. सकाळ-संध्याकाळ महाराज पडदा ओढून एकटाच आत बसायचा, 'मायची ओटी भरायला'. मी दर्शनाला वाकले तेव्हा वास आला. आंबूस, मोडाचा. भिजवलेला हरभरा फडक्यात बांधून विसरलं की येतो तोच. चाळीस माणसांच्या घराला उसळी करून घातलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही.

घरी आले. अंगणात हातभर खड्डा केला, तळाला दोन शेर कोरडा हरभरा घातला. वर पाट्याचा वरवंटा उभा केला, माती लोटली, चार घागरी पाणी ओतलं. शेंड्याला शेंदूर फासला. बन्सी दारातून बघत होता.

दुसऱ्या दिवशी वरवंटा दोन बोटं वर आला होता. मी गल्लीत जाऊन ओरडले, "धावा गं! माझ्या अंगणात बी माय निघाली!"

निम्मं गाव लोटलं. काकासाहेबांनी टोपी काढून डोकं टेकवलं. कुणीतरी हळद वाहिली.

"टेकवून झालं?" मी म्हणाले. "आता नीट बघा. हा माझा वरवंटा. परवा ह्यानं लसूण वाटलाय. तुमची माय लसूण खाते काय?"

काकासाहेबांनी नाकाला हात लावला. खरंच वास येत होता. पोरं हसली. मी वरवंटा उपटला आणि खालचा टरारून फुगलेला हरभरा ओंजळीत घेऊन सगळ्यांपुढं धरला.

"कोरडा दाणा पाणी पितो आणि दुप्पट होतो. खाली जागा नाही, बाजूला नाही, मग तो जाईल कुठं? वर. डोक्यावर जे असेल ते ढकलीत वर. तुम्ही सात दिवस घागरी ओतल्या, त्या मायनं नाही प्यायल्या. हरभऱ्यानं प्यायल्या."

सगळे लिंबाकडं निघाले.

महाराज दगडापुढं आडवा झाला. "जो उकरील त्याची बुबुळं गळतील! रक्त ओकील, रक्त!"

पाय थबकले. बन्सीचे सुद्धा. आत्ता अंगणात पाहिलेलं लोक अर्ध्या वाटेत विसरले होते. तेवढ्यात कडूबाई खुरपं घेऊन पुढं झाली.

"गळू दे बुबुळं," ती म्हणाली. "काय बघायचं राहिलंय मला?"

गुडघे दुमडत नव्हते म्हणून ती सरळ मातीत बसली आणि उकरू लागली. दगड कलला, आडवा पडला. खाली हरभरा निघाला. गुलाबी.

गुलाबी म्हटल्यावर बायका ओरडल्याच. पेरणीच्या आधी कृषी सहायक दीपमालाताईंनी आम्हाला गोळा करून बियाला औषध चोळायला शिकवलं होतं. त्या औषधाचा तो रंग. मायनं हात लावावा म्हणून घरटी शेरभर दिलेलं आमचंच बी तो पडद्याआड दगडाखाली कोंबत होता. प्रत्येक दाण्याला बोटभर पांढरा मोड फुटला होता. सगळ्या शिवारात यंदा पहिला उगवलेला हरभरा तो.

बन्सीनं महाराजाची गचांडी धरली. महाराज म्हणाला, "मी काय कुणाच्या तिफणीला कुलूप घातलं होतं?"

त्याला जीपमध्ये घालून कन्नडला पोलिसांकडं नेलं, जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली. पण एवढं त्याचं खरं होतं, तिफणी आम्हीच भिंतीला टेकवल्या होत्या.

कडूबाई तिथंच बसून होती. तिनं मोड आलेलं बी पदरात भरलं होतं.

"ह्याचं काय करू, बाई?"

औषध लावलेलं, म्हणून शिजवता येत नव्हतं. मोड इतके लांबलेले की तिफणीतून पडलं नसतं; आणि पडलं असतं तरी कोरड्या मातीत टिकलं नसतं. मी तिच्या पदराची गाठ सोडली आणि ते खड्ड्यात परत लोटलं.

त्याच दुपारी हबीबचं ट्रॅक्टर सुरू झालं. आमच्या काळ्या रानात निम्मं-शिम्मं उगवलं. कडूबाईच्या माळावर हबीबनं सगळ्यांत आधी पेरलं, पैसे घेतले नाहीत. पंधरा दिवसांत तिथं बांधाच्या सावलीला सात-आठ रोपं दिसली, ती होल्या पाखरांनी खुडली.

मी म्हणाले, "माझ्याकडं राहा. भाकरीला कमी नाही."

"अजून हात चालतात, बाई," ती म्हणाली. तिलाही मान आहे. मला वाटायचं, तो घरात मला एकटीलाच आहे.

दिवाळीनंतर टोळीचा ट्रक आला. चढताना तिचा पाय फळीवर टेकेना. मी खालून हात दिला आणि ढकललं. माझ्या हातानं मी तिला ट्रकात चढवलं.

बी काय, पाणी काय, गाव विसरूनही जाईल. गेलेली ओल मात्र कुठल्या पोलिसाला आणून देता आली नाही. म्हणून हे लिहवून घेतलंय, वाचणाऱ्याला सांगायला. दगड वर आला, अंगात आलं, राखेनं दुखणं गेलं, कुणी काहीही म्हणो; आधी बुडाशी काय आहे ते उकरा. देव खरा असेल तर खुरप्यानं मरणार नाही. आणि तुम्हाला घरी बसल्या लबाडी कळली असेल, तर कुणी विचारायला येईल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी उठा, आणि चारचौघांत सांगा. तुमच्या गप्प बसण्यालाही कुणीतरी खरं मानत असतं.