तोंडातले खिळे

"वहिनी, पंखा बंद करा आधी!"

मीच ओरडलो. दादाच्या तोंडात खिळे होते, तो कसला ओरडतोय! वारा डाव्या गालाला लागला आणि माणूस सोफ्यापुढे बसल्या जागी दगड झाला. हातोडी हवेत, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

सोफ्याला कापड चढवताना एक हात कापड ताणायला लागतो, दुसरा हातोडीला. मग खिळे राहतात तोंडात. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने उचलायचा, की ठोक. मीही त्याच्याच हाताखाली शिकलो, पण दादा ठोकायला बसला की गिऱ्हाईक सोफा सोडून त्याच्याकडेच बघत बसायचं.

गालातली शीर बिघडली होती. आधी दातच वाटला, म्हणून दोन चांगले दात फुकट उपटून झाले. मग डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या. कमी घेतल्या तर कळ मारायची, जास्त घेतल्या तर एकाचे दोन खिळे दिसायचे. अंगठा ठेचून काळा पडला.

"गोळी बदलून बघू," बाई म्हणाल्या, "पण गुंगी तिनेही येईल. नाहीतर सुई घालून शीर जाळता येते. अर्ध्या जिभेसकट गाल बधिर होईल. कदाचित कायमचा."

"बाई, गाल कसला, मुंडकं बधिर करा."

"ते आधीपासूनच आहे," वहिनी म्हणाली.

बाहेर आल्यावर मात्र तिने हळूच विचारलं, "आणि खिळे?"

"उजवीकडे धरीन. गोळ्या खाऊन झिंगत ठोकण्यापेक्षा बरं."

सुई झाली. कळ गेली ती गेलीच. दादा पोटभर जेवला, किती दिवसांनी दाढी केली, वहिनीला म्हणाला, "बघ, नवा नवरा."

मग कामावर बसला. मूठभर खिळे तोंडात टाकले आणि ठोकायला लागला. हात तसाच, झपझप. मला बरं वाटलं. तेवढ्यात वहिनीची शिलाई मशीन थांबली.

"अहो, रक्त."

हनुवटीवरून धार लागली होती, पांढऱ्या कापडावर थेंब पडत होते. दादाला पत्ताच नाही. त्याने हात लावून बघितलं, मग खिळे तळहातावर थुंकले.

"सगळे निघाले का हो?"

दादाने जीभ फिरवून बघितली. पुन्हा फिरवली.

"मला काय कळतंय," तो म्हणाला. "तूच बघ."

वहिनीने त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं. दादाने आ केला आणि डोळे मिटून घेतले.