हाताखालचं हाड

“तुले कोनी बलायं?” नर्मदाबाईने नंदुरबारच्या बसच्या दारातच विचारलं.

“कोनीच नही. हात मन्हा, नाव मन्हं, मंग मी येसूच,” म्हणत रंजनाबाई चढली आणि सरळ बाळाला घेऊन बसलेल्या नर्मदाबाईच्या सुनेच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

खापर गावातली निम्मी बाळं रंजनाबाईच्या पायांवर न्हालेली. बाळाला तेल चोळावं तर तिनेच, असं हीच नर्मदाबाई बाजारभर सांगायची. पण तिच्या नातवाच्या मांडीवर, कातडीतच, खड्यासारखं काही टणक हाताला लागलं. ते रंजनाबाईनेच आधी दाखवलं आणि तिथेच माशी शिंकली. हिनेच दाबून काहीतरी मोडलं, अशी बोंब उठली. एकेक घर तिला बंद झालं. चुकीच्या गोष्टीवर माणसांचं किती पटकन एकमत होतं!

नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. “गाठ नाही ही. हाड आहे.”

“हाड! देखं? तुन्हाच हातखाल मोडनं ना?” नर्मदाबाई उसळली. बाळाची आई चेतना तर रडायलाच लागली.

खरंच आपल्या हातून झालं असेल तर? तरी रंजनाबाई टेबलापाशी सरकली. “बाई, सरळ सांगा. हाई मन्हामुये व्हयनं का?”

“नाही हो. मांडीचं हाड अखंड आहे. हे वेगळंच, कातडीतच तयार झालंय. तान्ह्या बाळांत फार क्वचित होतं, पण होतं. दाबल्याने नाही. रक्तही ठीक आहे. धोका दिसत नाही, अधूनमधून दाखवायला आणा. आणि तेवढी जागा चोळू नका.”

रंजनाबाईने पदर तोंडाला लावला. इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिथेच फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदाबाई तिच्या दारात हजर. माफीबिफी काही नाही.

“चाल वं, पानी तपेल शे. मांगना दारतून ये, लोके उगाच बोलतीन.”

“येसू. पन समोरना दारतून.”

रंजनाबाई समोरूनच गेली. आत मोरीपाशी पाट मांडलेला होता, तो तिने उचलून बाहेर ओट्यावर आणला आणि गल्लीकडे तोंड करून पाय पसरले. “आन वं चेतना, पोऱ्याले आन. लोकेसले देखू दे.”

चेतनाने बाळ तिच्या पायांवर ठेवलं. दुधाला निघालेल्या बाया जागीच थबकल्या. रंजनाबाईने तळहातावर तेल घेतलं. मांडीवरची तेवढी जागा सोडून हात पुढे गेला. बायांकडे तिने एकदाही पाहिलं नाही.