सायमाची थकलेली माणसं

आलापल्लीच्या गफ्फारभाईंनी आपल्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर आणून बसवला, तेव्हा सायमाला वाटलं, आता नशीब उघडलं. चंद्रपूरला कोर्स करून आलेली ती त्यांच्या मोहल्ल्यातली पहिलीच मुलगी. २००२ सालची ही गोष्ट. पण काम काय मिळालं? वनखात्याच्या जुन्या रजिस्टरांतली सागाची झाडं कॉम्प्युटरवर उतरवून घेणं. झाडाचा नंबर, घेर, उंची. दिवसाला आठशे झाडं. दिवाळी येईस्तोवर तिला जेवणाच्या ताटातही आकडे दिसायला लागले. खिडकीबाहेर खरा साग उभा होता, पण मान वर करून त्याच्याकडे बघायला फुरसत कुठली!

एका दुपारी नवी रजिस्टरं यायला उशीर झाला. सायमाने चित्र काढायचं पान उघडलं आणि माउसने रेघा ओढत बसली. खुर्चीवरची एक बाई झाली. तिच्या पायांना मुळं फुटून फरशीत शिरली, बोटांना पानांऐवजी आकडे लोंबू लागले. हात रंगात आला. मग तिने गफ्फारभाईही काढले : कानाला फोन चिकटलेला आणि गिऱ्हाईक शोधत मान पार रस्त्यापर्यंत लांब गेलेली.

"हे कोन?" मागे गफ्फारभाईच उभे होते.

सायमाने माउस सोडला. "तुमीच, चाचा."

"मी असा दिसतो?"

"गिऱ्हाईक नसलं का असेच दिसता."

गफ्फारभाई वाकून बघत राहिले, आणि मग असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तुही चाची अमिना बी हेच म्हनते. जेवताना सुदा नजर दुकानात!" मग त्या बाईकडे बोट दाखवून त्यांनी हळूच विचारलं, "आन ही तू ना? मले काऊन नाई सांगितलं, बेटा?"

दुसऱ्या दिवसापासून झाडं पाचशेवर आली आणि दोन्ही चित्रं छापून दुकानाच्या काचेवर लागली. झेरॉक्सला आलेले लोक थांबायचे, हसायचे आणि म्हणायचे, "माझं बी काढ ना वं!" एस.टी.चे कंडक्टर नथ्थूभाऊ दोन प्रवाशांमध्ये पापडासारखे चपटे झाले. झिंगू मास्तरांच्या एका हातात खडू आणि बाकी सात हातांत याद्या.

नर्स सोमारीबाई मात्र हसल्या नाहीत. बारा गावं पायी फिरणाऱ्या बाई. चित्रात त्यांच्या डोक्यावर रजिस्टरांची चळत होती आणि सगळ्यात वर एक तान्हं बाळ निवांत झोपलेलं. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "वजन बरोबर काढलं वं पोरी. घरी कोनाले सांगताच येत नाई."

सायमाने उठून त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला.

चहा पोटात गेल्यावर बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ जाऊन पुन्हा निरखून पाहिलं. "एक चुकलं पन. चपला फाटक्या काऊन दाखवल्या? आत्ताच त घेतल्या, लाल पट्ट्याच्या!" आणि त्यांनी पाय पुढे केला.

सगळे खदखदून हसले. सायमाही हसत हसत लाल रंग शोधायला लागली.