गारव्यासाठी केलेला डबा

मी आइस्क्रीमचा रिकामा डबा बोलतोय. दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकतो. आत्याचा. आणि आत्यापेक्षाही बाबांचा.

माझा जन्म साच्यातला. पातळ अंग, पांढरा रंग, तळाला बर्फाच्या चांदणीची खूण. म्हणजे मला गारव्यात ठेवा, बाकी माझ्या नादी लागू नका. आइस्क्रीम संपल्यावर घरचे मला फेकणार होते, पण घरातल्या थोरल्या लेकीने मला धुऊन घेतलं. ती केस कापायला शिकत होती. तिच्या कात्र्या, चिमटे, कंगवे माझ्या पोटात. कामावरून आली की मला आतून-बाहेरून पुसायची. एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

मग आत्याची नजर पडली. "एवढा छान डबा, आणि त्यात चिमटे?" म्हणत तिने मला स्वयंपाकघरात नेलं.

घरात मायक्रोवेव्हसाठीचे जाड काचेचे वाडगे होते, तळाला लाटांची खूण असलेले, म्हणजे खुशाल गरम करा. पण ते खोक्यात, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले तरी बाहेर निघत नसत, कारण "आता कोण धूत बसणार". या घरात मोठी माणसं चांगली वस्तू वापरत नाहीत, जपून जपून जुनी करतात.

त्या दुपारी थोरलीला एका मोठ्या सलूनमध्ये केस कापून दाखवायचे होते. जमलं तर नोकरी. निघण्याआधी तिने उरलेलं सूप माझ्यात ओतलं. वर लोण्याचा तवंग.

"आत्या, हा मायक्रोवेव्हमध्ये चालेल ना? की काचेचा काढू?"

"खोकं उघडू नकोस. न चालायला काय झालंय त्याला? मी काय इतकी वर्षं झोपा काढल्या?"

"बाबा?"

बाबांचं दुकानच प्लॅस्टिकच्या डब्यांचं. फोनवर गिऱ्हाइकांना सांगताना मी स्वतः ऐकलंय, "असल्या डब्यात गरम करू नका हो, तेलकट तर अजिबात नको, मऊ पडतो." पण आता त्यांनी पेपरातून मानही वर केली नाही.

"आत्या म्हणतेय ना, मग झालं."

बहिणीशी वाद नको, एवढ्यासाठी.

तिने मला आत ठेवून बटण दाबलं. तवंग पाण्याहून जास्त तापतो. माझा तळ मऊ पडला. थोरलीने मला दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि मी तिच्या हातातच खचलो. उकळतं सूप तिच्या उजव्या हातावर, बोटांपासून मनगटापर्यंत.

तिने धावत जाऊन नळाखाली हात धरला.

"डबाच हलका निघाला मेला," आत्या म्हणाली.

"फडक्याने धरायचं ना गं," बाबा म्हणाले.

मला उलटं करून कुणी पाहिलं नाही.

तुमच्याही घरात माझ्यासारखे असतील. आमच्यात चिमटे ठेवा, खिळे ठेवा, फ्रीजमध्ये फळं ठेवा. गरम करायचं असेल तेव्हा आधी तळ बघा, आणि मोठ्यांनी काहीही सांगितलं तरी काच बाहेर काढा.

मला थोरलीनेच कचऱ्यात टाकलं, डाव्या हाताने. सलूनमधली ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.