बिनआवाजाची फाइल

गेमच्या छोट्या पडद्यावर करडा चौकोन उमटला. आत लिहिलं होतं, 'हा व्हिडिओ चालवता येत नाही.'

आईनं ते वाचलं. तिनं यंत्र लांब धरलं, मग जवळ धरलं, जणू डोळ्यांपासूनचं अंतर बदललं की अक्षरंही बदलतील. ती होती तशीच राहिली. तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो कॉम्प्युटरसमोर पाठीला बाक काढून बसला होता, आणि त्याच्या खांद्यांवरूनच तिला कळलं की त्यालाही घाम फुटलाय.

तळहाताहून थोडं मोठं ते यंत्र मूळचं त्याच्या बहिणीचं. दातांच्या दवाखान्यात ती दारातल्या टेबलाशी बसते, आणि कित्येक वर्षं कामावर येता-जाता बसमध्ये त्यावर गाड्या पळवायची. मग तिनं ते भाचीला दिलं. भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरली असं कुणी पाहिलं नव्हतं.

आणि उद्या सकाळपासून भिंगरीला एका खोलीत ठेवणार होते. एकटीला.

तिच्या गळ्यातली गाठ काढून झाली होती. उरलंसुरलं जाळायला एक गोळी द्यायची होती, आणि ती गोळी गिळली की काही दिवस तिच्याच अंगातून किरणं बाहेर पडणार होती. म्हणून खोलीच्या भिंती जाड, दार शिशाचं. आई-बापानंसुद्धा आत पाऊल टाकायचं नाही. मोबाइल आत न्यायला बंदी होती, आणि आत गेलेली वस्तू कित्येक महिने बाहेर येत नव्हती. पोरीशी बोलायला भिंतीत एक स्पीकर होता. बाहेरून बोललं की आत ऐकू जायचं, आतलं बाहेर.

आई ऐकू शकत नव्हती. बोलतही नव्हती. जन्मापासून तिचं सगळं बोलणं हातांत होतं, आणि शिशाच्या दारातून हात दिसत नाहीत.

भिंगरीनं एकच मागितलं होतं. गेम नेऊ द्या, आणि त्यात आईला भरून द्या. सिस्टरनं होकार दिला, पण आज सहाच्या आत यंत्र आणून द्या म्हणाली. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीलबंद करणार, मग काही बदलता येणार नाही. जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं होतं. मागच्या महिन्यात एक मूल आत घाबरलं, दार बडवत राहिलं, पाणी पिईना. पाणी प्यायलं नाही तर औषध अंगातून निघत नाही, आणि दार तर उघडता येत नाही. बाबांनी हे आईला हातांनी सांगताना शेवटचं वाक्य गाळलं होतं. पण आईनं ते सिस्टरच्या ओठांवर आधीच वाचलं होतं.

"चित्र मोठं पडतंय," बाबांच्या मागे उभी राहून आत्या म्हणाली. तिच्या ओठांकडे आईचं लक्ष होतंच. "मोबाइलवरचा व्हिडिओ हत्तीएवढा, आणि हे बिचारं उंदराचं बीळ. चारशे ऐंशी बाय दोनशे बहात्तर कर, दादा. त्याहून एक ठिपका जास्त घेत नाही ते."

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. अडकलेला पाळणा अंधारात चाचपून सोडवणारी त्यांची बोटं माउसवर मात्र चुकत होती. रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये रकान्यांमागून रकाने होते : चित्राचा आकार, सेकंदाला किती चित्रं, बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती जागा खर्चायची, आवाज किती बारकाईचा. मेमरी कार्ड जुनं, इवलंसं. याहून मोठं कार्ड त्या यंत्राला ओळखताच येत नव्हतं. मोठं कार्ड घेतलं असतं तर, असं बाबा पुन्हा पुटपुटले, तेव्हा आत्या म्हणाली, आणि मला मिशा असत्या तर मी काका झाले असते. दाब तेच बटण.

कॉम्प्युटर कामाला लागला. आईनं त्याच्या डब्यावर तळवा ठेवला. आतला पंखा थरथरत होता. थरथर म्हणजे काम चाललंय. थांबला तर काय, या भीतीनं तिनं हात उचललाच नाही.

फाइल कार्डात गेली, कार्ड यंत्रात गेलं, आणि या वेळी करडा चौकोन आला नाही. पडद्यावर आई आली. मागे फुलाफुलांचा पडदा, अंगात तिचा आवडता ठिपक्यांचा झगा. आत्यानं टाळी वाजवली. बाबांनी डोळे मिटून श्वास सोडला.

आई बघत राहिली. चेहरा होता तिचाच. पण हात उचलले की त्यांचा धूर होत होता. बोटं एकमेकांत मिसळत, पडद्याच्या फुलांत विरघळत, मग थांबली की पुन्हा बोटं होत. दोन थांब्यांच्या मधलं सगळं गायब. आणि बोलणं तर मधेच असतं.

आई रोज भिंगरीला झोपवताना तिच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवायची. शब्दांत उतरवलं तर ते गाणं असं काहीसं होईल :

*करंगळी आली दारी, दुसरी म्हणे आत ये,*
*मधल्या बोटानं दिवा मालवला, चौथं म्हणे कुशीत घे,*
*अंगठा बसला उंबऱ्याशी, त्याला नाही झोप,*
*आतली निजली बाळं सारी, बाहेर त्याची राखण.*

आता पडद्यावर करंगळी दारी आली आणि थेट उंबऱ्याशी धूर बसला.

तिनं नवऱ्याचा खांदा हलवला. हे वाचता येत नाही, ती हातांनी म्हणाली. बाबांनी समजावलं : जागा पुरेना म्हणून सेकंदाला तीस चित्रं होती ती दहावर आणली, पण काळजी नको, आवाज एकदम चोख ठेवलाय. तू जे जे म्हणतेस ते सगळं मी माझ्या आवाजात वर भरलंय. तिला ऐकू येतं की.

आईनं यंत्र टेबलावर ठेवलं.

बँकेत, शाळेत, डॉक्टरपुढे, शेजारणीपुढे, लग्न झाल्यापासून हाच माणूस तिच्या हातांचं लोकांना सांगत आला होता. प्रेमानंच. इतकं अंगवळणी पडलं होतं की आपल्या पोरीला मात्र दुभाष्या कधीच लागला नव्हता, हे तो विसरून गेला होता.

"तुझा आवाज तिला भिंतीतून मिळणारच आहे," तिनं सावकाश, एकेक खूण वेगळी करत सांगितलं. "माझं तिथं काय आहे? माझं एवढंच आहे."

बाबा कॉम्प्युटरकडे वळले. ते आवाजाच्या रकान्यात गेले. तिथं एक पर्याय होता, आवाज नको. तो त्यांनी निवडला. वाचलेली सगळी जागा चित्राला दिली आणि चित्रं पुन्हा तीसवर नेली.

तरी फाइल कार्डात मावेना. फुलाफुलांचा पडदा वाऱ्यानं हलत होता, झग्यावरचे ठिपके हलत होते, आणि प्रत्येक फूल, प्रत्येक ठिपका आपापली जागा खात होता. आत्या म्हणाली, वहिनी, तुमच्यापेक्षा पडदाच जास्त बोलतोय. हे मात्र आईला आधीच सुचायला हवं होतं. मुक्यांच्या शाळेत पहिलं काय शिकवतात? हात दिसायला हवेत तर अंगावर साधं, गडद, एकरंगी घाल. पण लेकीसमोर शेवटचं उभं राहायचं म्हणून ती नटली होती. शेवटचं, हा शब्द मनात आला तशी ती दचकली. असं म्हणू नये. तिनं घाईनं झगा उतरवला.

बाबांचा कामाचा शर्ट दोरीवर वाळत होता, गडद निळा, कोपराशी ग्रीसचा डाग अजून न गेलेला. तोच चढवला. भिंतीवर आत्यानं काळी चादर खिळ्यांना अडकवली. सगळं नव्यानं बोलायला वेळ नव्हता; आईनं दोनच गोष्टी निवडल्या. पाणी पी, आणि बोटांचं गाणं. खिडकीचा उजेड उतरत चालला होता. पहिल्यांदा हात इतके कापले की तिचं तिलाच वाचता येईना. दुसऱ्यांदा तिनं मोबाइलच्या काचेकडे न बघता काचेमागे भिंगरी आहे असं मानलं, आणि हात सुधारले.

डब्यावर तळवा. थरथर. कार्ड आत.

करडा चौकोन. 'हा व्हिडिओ चालवता येत नाही.'

घड्याळाकडे कुणी बघितलं नाही, तिघांनीही ते न बघण्याची काळजी घेतली. बाबांनी आकार पुन्हा तपासला, नाव तपासलं, कार्ड काढून शर्टाला पुसून परत घातलं. चौकोन हटेना. आईच्या डोळ्यांसमोर शिशाचं दार आलं, त्याच्या आतल्या बाजूला लहान मुठी आल्या. ती दाराचा आवाज ऐकू शकणार नव्हती. पोर बडवत राहील आणि आई बाहेर बाकावर शांत बसलेली असेल.

आत्याच्या लक्षात आलं. यंत्राला आवाजाची वाट रिकामी चालत नव्हती. चित्राबरोबर काहीतरी आवाज हवाच, नाहीतर ते फाइल मोडकी समजायचं. जुन्या वस्तूंचे असेच नखरे, ती म्हणाली, माझ्यासारखे.

"मग जो आहे तो ठेवू," बाबा म्हणाले, आणि हातांनीही म्हणाले. "रेकॉर्ड करताना खोलीत होता तो. अगदी खालच्या दर्जाचा. जागा जवळजवळ लागणारच नाही."

आईनं जोरात मान हलवली. खोलीत कोणता आवाज होता ते तिला ठाऊक होतं. हात चालले की तिच्या गळ्यातूनही काहीतरी निघतं. ते तिनं कधी ऐकलं नव्हतं, पण बसमध्ये माना वळताना पाहिल्या होत्या. लहानपणी अंगणात पोरं आपापले गळे धरून तिची नक्कल करत, तेही पाहिलं होतं. तेव्हापासून परक्यांत ती ओठ घट्ट मिटून बोलायची. पोरीला शेवटी हेच द्यायचं? अंधाऱ्या खोलीत, एकटीला, आईच्या गळ्यातलं भूत?

घाबरेल ती, आईनं सांगितलं.

बाबांनी काही समजावलं नाही. वेळच नव्हता. फक्त विचारलं, दाबू का? आणि तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे अखेर पाहिलं, आणि डोळे मिटून मान डोलावली.

चौकोन आला नाही. काळ्यावर पाच बोटं आली, एकेक सुटी, नखांसकट. करंगळी दारी आली. अंगठा उंबऱ्याशी बसला. आवाज सुरू झाला तेव्हा आत्यानं तोंड फिरवून चादरीचे खिळे काढायला घेतले, ते आईनं पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

यंत्र वेळेत पोचलं. सिस्टरनं ते प्लॅस्टिकमध्ये घातलं, कडा चिकटवून टाकल्या आणि बटणं दाबून पाहिली.

दुसऱ्या दिवशी गोळी गिळताना भिंगरीनं गोळीची बाटली घेऊन आलेल्या डॉक्टरला विचारलं, मी अंधारात चमकेन का? तो हसला. दार लागलं. लागलेलं आईला पायांतून जाणवलं, फरशी एकदाच हादरली.

आत एक कॅमेरा होता. त्याचं चित्र सिस्टरच्या टेबलावर दिसायचं, नातेवाइकांना दाखवायची पद्धत नव्हती. दुपारी सिस्टरनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपली खुर्ची बाजूला सरकवली.

करड्या चित्रात पलंग, पाण्याचा जग, भिंतीला पाठ लावून बसलेली भिंगरी. इतकी स्थिर ती कधीच बसली नव्हती. तिला ओळखायलाच आईला क्षण गेला. मग भिंगरीनं पलंगावरचं यंत्र उचलून गुडघ्यांवर टेकवलं. थोड्या वेळानं तिचे हात वर आले. करंगळी. पुढचं बोट. ती आईबरोबर म्हणत होती. मधेच थांबून तिनं जगमधलं पाणी ओतलं, प्याली, ग्लास पालथा करून यंत्राला दाखवला.

आईनं टेबलाची कड धरली. पण भिंगरीचा चेहरा वाकडा झाला, खांदे हलू लागले. ती दाराकडे बघत होती. उठणार, आईला वाटलं, आता उठणार. बाबांनी स्पीकरच्या बटणाकडे हात नेला.

भिंगरी उठली नाही. तिनं यंत्र गुडघ्यांवरून काढलं, कुशीवर आडवी झाली आणि ते कानाला लावलं. पडदा गालाला टेकलेला, बोटं दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

बिघडलं, आईनं घाबरून खूण केली. बंद पडलं. बघ, ती कानाला लावून तपासतेय.

बाबांनी बटणावरून हात काढला. टेबलावरच्या स्पीकरमधून त्यांना आतलं ऐकू येत होतं, बारीक, पत्र्यासारखं, घोगरं, गाण्याच्या तालावर वरखाली जाणारं. सिस्टरही ऐकत होती. तिनं मान वळवली नाही, गळा धरला नाही. नुसती ऐकत होती.

"बिघडलं नाही," बाबांच्या हातांनी सांगितलं. ते त्यांनी दोनदा सांगितलं. "तुला ऐकतेय. पाळण्यात असल्यापासून झोपताना हेच ऐकत आलीय ती. मला वाटलं तुला माहीत आहे."

आईनं पडद्याकडे पाहिलं. भिंगरीचे डोळे मिटत होते. गाणं संपलं की तिचा अंगठा तेवढा हलायचा, बटण चाचपायचा, आणि पुन्हा स्थिर व्हायचा.

आईची भीती गेली नव्हती. ती दार उघडेपर्यंत जाणार नव्हती. पण तिनं मिटून धरलेले ओठ सोडले, आणि गळ्यावर हात ठेवून, तिथं काय थरथरतं ते तळव्यानं पाहिलं.